हेरगिरीतली कल्पकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेरगिरीत कल्पकता म्हणतात ती नेमकी कशाला?

पेनात लपवलेला कॅमेरा किंवा पोकळ टाचेचा बूट ही अवजारे झाली, चांगला कारागीर ती बनवून देतो. कल्पकता लागते ती एक माणूस डोळ्यांपुढे आणायला. आपले सोंग तपासणार कोण? नाक्यावरचा शिपाई, पासपोर्ट उलटसुलट करून पाहणारा कारकून, उपग्रहाच्या छायाचित्रांपुढे बसलेला विश्लेषक. त्याला काय ठाऊक आहे, काय बघायची त्याला सवय आहे, काय खरे निघावे असे त्याला मनातून वाटते आणि कोणती गोष्ट तो दुसऱ्यांदा तपासून घेईल, हे ज्याने ओळखले त्याची योजना टिकते. ज्याने फक्त स्वतःची हुशारी पाहिली त्याची फुटते. गोव्याच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत.

१९४३ साली मुरगाव बंदरात काय घडले?

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि द्राखेनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे मुरगावात येऊन नांगरून राहिली. पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही आले. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोव्याच्या पाण्यात ब्रिटिश आरमाराला उघडपणे काहीच करता येईना. एहरेनफेल्सवर छुपे प्रक्षेपक यंत्र आहे आणि त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची ठावठिकाणे जर्मन पाणबुड्यांना कळवली जातात, असा ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेचा संशय होता.

एसओईचे लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांनी ते जहाज ताब्यात घेण्याच्या कामासाठी फौजी घेतलेच नाहीत. त्यांनी निवडले कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतले पोक्त व्यापारी, कंपन्यांचे साहेब लोक. निवड अशी का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सैनिक पकडला गेला की तटस्थ देशावर हल्ला केल्याचा पुरावाच हाती लागतो. पन्नाशीकडे झुकलेले व्यापारी पकडले गेले, तर सुटीवर निघालेल्या मंडळींनी दारूच्या भरात केलेला वेडेपणा म्हणून हात झटकता येतात. वाहनही तसेच निवडले. फीबी नावाचा, बंदरातला गाळ वाहून नेणारा बार्ज कलकत्त्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला आणि बरीच मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिथे त्यावर चढली. गाळाच्या बार्जकडे कोण निरखून बघतो?

दिवस होता ९ मार्च १९४३. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे पंचांगात येऊ शकतो तितका उशिरा आला होता. त्यामुळे ९ मार्च हा इंत्रुजचा, म्हणजे गोव्यातल्या कार्निव्हलचा, शेवटचा दिवस. वेगळ्या माणसाकरवी गावात मेजवान्या आणि मौजमजेची सोय आधीच करून ठेवली होती, म्हणजे जास्तीत जास्त खलाशी आणि अधिकारी जहाजावरून उतरावेत. एरवी कुठल्याही मंगळवारी बंदरातल्या सगळ्यांना फुकटची मेजवानी मिळाली असती तर कोणीतरी विचारले असते, आजच का बाबा? इंत्रुजच्या रात्री तो प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. लक्ष विचलित करण्यासाठी नवा गोंधळ उभा करावा लागला नाही. गाव आधीच गोंधळात होते, त्यात थोडी भर घातली.

मग ती मोहीम यशस्वी म्हणायची का?

अर्धी. जहाज ताब्यात घेऊन बंदराबाहेर काढायचे असा बेत होता, तो जमला नाही. एहरेनफेल्सच्या खलाशांनी पाणी आत घेण्याची झडपे उघडली, जहाज पेटले, कप्तान मारला गेला. ज्वाळा पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांनीही स्वतःला बुडवून घेतले. यंत्र गप्प झाले, पण पुरावा म्हणून हाती काहीच आले नाही. त्या यंत्राचा खरोखर किती उपयोग होत होता, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. सहभागी मंडळींना पदके मिळाली नाहीत आणि हकीकत लोकांसमोर यायला १९७८ साल उजाडावे लागले.

छत्रपती शिवाजी महाराजांचा १६६८ चा गोव्याचा बेत का फसला?

आपले चार-पाचशे लोक लहान लहान टोळ्यांनी, वेश बदलून पोर्तुगीज हद्दीत शिरवायचे, पुरेसे जमले की एका रात्री आतूनच एखादी वाट ताब्यात घ्यायची आणि बाहेरून फौज आणायची, असा तो बेत होता. पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंदे द सांव्हिसेंतला त्याचा वास लागला, त्याने आत शिरलेल्यांना हुडकून हद्दपार केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराजांनी डिचोली महालातल्या नार्वे इथे सप्तकोटेश्वराचे देऊळ नव्याने उभारायला घेतले. तिथला शिलालेख आजही वाचता येतो.

बेत कल्पक होता. आमच्या मते अडचण संख्येची होती. दहा अनोळखी माणसे गावात खपून जातात. चारशे माणसांना जेवायला लागते, झोपायला पडवी लागते आणि दिवसभर काय करता याचे उत्तर लागते. प्रत्येक जण एकेकटा निर्दोष दिसला तरी बाजारातला तांदूळ एकदम जास्त खपू लागतो आणि ते वाण्याला सर्वांत आधी कळते. वेश हा माणसापुरता असतो. जमावाला वेश चढवता येत नाही.

बहिर्जी नाईकांबद्दलही विचारणा होते. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीआधीची टेहळणी त्यांच्या नावावर सांगतात. मात्र त्यांच्या वेशांतरांच्या ज्या सुरस कथा फिरतात त्यांना कागदपत्रांचा आधार फारसा नाही. त्या लोककथा म्हणून सांगाव्यात, इतिहास म्हणून नव्हे.

खोट्या माणसाचा खिसा कसा भरतात?

याचे सर्वांत बारकाईने नोंदलेले उदाहरण एप्रिल १९४३ चे, ऑपरेशन मिन्समीट. इटलीतल्या सिसिलीवर हल्ला होणार होता. तो ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असे जर्मनांना वाटावे म्हणून एका मृतदेहाला मेजर विल्यम मार्टिन बनवून, कोटाच्या पट्ट्याला बॅग साखळीने अडकवून स्पेनच्या वेल्वा किनाऱ्याजवळ सोडण्यात आले. वेल्वाच का? तिथे एक कार्यक्षम जर्मन हेर होता आणि त्याच्यापर्यंत कागद पोचतील याची खात्री होती. सोंग लावताना प्रेक्षक आधी निवडायचा असतो, तो असा.

बॅगेतली सरकारी पत्रे हा मुख्य माल. पण विश्वास बसला तो खिशातल्या सामानामुळे: नाटकाच्या तिकिटांचे अर्धुकले तुकडे, साखरपुड्याच्या अंगठीचे बिल, वाग्दत्त वधूचा फोटो, तिची दोन पत्रे आणि खात्यातून शिलकीपेक्षा ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्स जास्त काढले आहेत, ते भरा, असे बँकेचे पत्र. बँकेचा तगादा हा यातला हिरा आहे. खोटी माणसे बनवणारे त्यांना सहसा नीटनेटके बनवतात. खऱ्या माणसाचे कुठेतरी देणे थकलेले असते.

अडचणी काय आल्या तेही पाहा. ओळखपत्र कोरे करकरीत दिसत होते, तेव्हा आधीचे हरवले म्हणून नवे दिले असा शेरा त्यावर घातला आणि ते विजारीवर घासघासून जुने केले. प्रेताचा फोटो प्रेताचाच दिसे, म्हणून चेहऱ्याने मिळताजुळता जिवंत अधिकारी शोधून त्याचा फोटो लावला. गोठलेली पावले बुटात जाईनात, ती हीटरने मऊ करावी लागली. पाकिटात एक पापणीचा केस ठेवला होता. कागद परत आले तेव्हा तो गायब होता, आणि घडी एकापेक्षा जास्त वेळा मोडल्याचे कागदाच्या तंतूंवरून कळले. म्हणजे पत्र वाचले गेले होते.

खोटी ओळख बहुतेक वेळा कुठे उघडी पडते?

मोठ्या खोटेपणात क्वचितच. रोजच्या, क्षुल्लक गोष्टीत. म्हापशाचा बाजार शनिवारी भरतो असे म्हणणारा माणूस म्हापशाचा नाही, हे कोणीही बार्देसकर क्षणात ओळखील.

स्पेनचा हुआन पुजोल जर्मनांचा हेर असल्याचे भासवत, लिस्बनमध्ये बसून आपण इंग्लंडात आहोत असे त्यांना कळवत होता. हाताशी काय, तर एक प्रवासी मार्गदर्शिका, एक नकाशा आणि रेल्वेचे वेळापत्रक. ग्लासगोतली माणसे लिटरभर वाइनसाठी वाटेल ते करतील, असे त्याने लिहून पाठवले. तिथला कामगार वाइन पीत नव्हता, हे स्पेनमधल्या माणसाच्या डोक्यात कसे यावे? पौंड-शिलिंगचा हिशेब तर त्याला जमेचना, खर्चाची बेरीज तो पुढच्या पत्रावर ढकलत राही. बर्लिनमध्ये तपासणाऱ्यालाही ग्लासगो ठाऊक नव्हते, म्हणून तो वाचला. तपासणारा स्कॉटिश असता तर पहिल्याच पत्रात कारभार आटोपला असता.

दुसरे उदाहरण १९८० चे. तेहरानमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकनांना कॅनडाचे चित्रपटवाले म्हणून बाहेर काढायचे होते. खोटा स्टुडिओ, जाहिराती, सगळे तयार होते. पण बनावट व्हिसावर इराणी कालगणनेची तारीख चुकली, त्यामुळे प्रवेशाचा दिवस जमेना. कॅनडाच्या दूतावासातल्या फारसी जाणणाऱ्या माणसाच्या लक्षात आले म्हणून ती वेळेत दुरुस्त झाली. कथेवर महिने खर्च करावेत आणि शिक्क्यावरच्या तारखेने घात करावा, हे या धंद्यात नेहमीचे.

तीन सूत्रांनी एकच गोष्ट सांगितली तर ती खरी मानावी का?

कौटिल्याने अर्थशास्त्रात हाच नियम घातला आहे: तिघांचे म्हणणे एक निघाले तर विश्वास ठेवावा. पण अट अशी, की हेर एकमेकांना ओळखत नसावेत. सगळी गोम इथे आहे. वर सांगितलेला पुजोल पुढे ब्रिटिशांकडे गेला आणि गार्बो या नावाने त्याने तब्बल २७ काल्पनिक हस्तक उभे केले. जर्मनांना वाटे, सत्तावीस जण सांगताहेत. गळा एकच होता. लिव्हरपूलच्या काल्पनिक हस्तकाने जहाजांची जमवाजमव कळवायला हवी होती. ती न कळवण्याला कारण हवे, म्हणून तो आजारी पडून वारला असे ठरवले, स्थानिक वृत्तपत्रात निधनवार्ता छापून आणली, आणि जर्मनांनी त्याच्या विधवेला पेन्शनही दिले. १९४४ मध्ये पुजोलला जर्मनीचे आयर्न क्रॉस हे पदक आणि ब्रिटनचा एमबीई हा किताब दोन्ही मिळाले.

आपल्या फोनवर एकच बातमी पाच गटांतून येते तेव्हा हेच विचारावे: गळे किती?

साधनांत कल्पकता नसतेच का?

असते, आणि ती बहुधा साधेपणात असते. कुमाऊँमधल्या मिलम गावच्या नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेशात ल्हासापर्यंतचा रस्ता मोजला. परदेशी माणसाला तिथे मज्जाव होता. डेहराडूनला त्यांच्याकडून ठरावीक लांबीचे पाऊल टाकण्याचा सराव इतका करून घेतला होता की चढ असो वा उतार, सुमारे २००० पावलांचा एक मैल भरे. हातातली जपमाळ १०८ मण्यांची नसून १०० मण्यांची होती. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, पूर्ण माळ म्हणजे १०,००० पावले. दर दहावा मणी आकाराने मोठा, म्हणजे अंधारातही बोटांना हिशेब लागावा. टिपणे प्रार्थनाचक्रात, मंत्राच्या जागी. यात्रेकरूने माळ ओढत, ओठ हलवत चालावे यात संशय घ्यायला जागा नाही, आणि ध्यानात असलेल्या माणसाशी कोणी बोलायलाही येत नाही. आठ मणी कमी आहेत हे पाहायला कोणी माळ मागून घेतली नाही.

उलट टोकाचे उदाहरण मॉस्कोचे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते १९५२ पर्यंत त्याच्या निवासात भिंतीवर टांगलेले होते आणि आतले बोलणे बाहेर जात होते. लिओन थेरेमिनने बनवलेल्या त्या यंत्रात ना बॅटरी होती ना वायर. आत एक पातळ पडदा आणि छोटी अँटेना, बस्स. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या तरच ते जागे होई. शोधणारे वायर आणि वीज शोधत होते, म्हणून ते सापडेना.

पोखरण १९९८ मध्ये उपग्रह कसे चकले?

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी उपग्रहांनी पोखरणची तयारी टिपली होती. अमेरिकेने ती छायाचित्रे भारतीय अधिकाऱ्यांना दाखवून चाचणी थांबवायला लावली. पण छायाचित्र दाखवताना, आपल्याला वरून काय दिसते आणि कशावरून संशय येतो, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढच्या वेळी भारतीय अभियंत्यांनी नेमके तेवढेच टाळले. खोदकाम रात्री. पहाटेच्या आत यंत्रे पुन्हा आदल्या दिवसाच्या जागी, म्हणजे दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर काहीच हललेले दिसू नये. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात आणि टोपणनावांनी वावरले. ११ मे १९९८ ला स्फोट झाले तेव्हा वॉशिंग्टनला खबर नव्हती. हातातला पुरावा मिरवला की पुढचा पुरावा मिळत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

टेबलावर बसून विश्लेषण करणाऱ्याला कल्पकता कशाला हवी?

स्वतःच्या पहिल्या अंदाजाविरुद्ध वापरायला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने २००४ मध्ये कल्पनाशक्तीचे अपयश हे एक प्रमुख कारण म्हणून नोंदवले. अशा अपयशावर सीआयएचे विश्लेषक रिचर्ड्स ह्यूअर यांनी त्याआधीच एक पद्धत घालून दिली होती. ती घरच्या उदाहरणावर करून पाहा.

समजा, ऑक्टोबरातल्या एका सकाळी पणजीजवळच्या मालिम जेटीवर सगळे ट्रॉलर उभे दिसले. का?

१. कागदाच्या वरच्या बाजूला शक्य ती सगळी कारणे लिहा, चारपेक्षा कमी नकोत: वादळाचा इशारा, डिझेलवरून संप, खलाशी सणाला गावी गेले, परवान्यांची अडचण.

२. डाव्या बाजूला दिसलेले पुरावे लिहा. ट्रॉलर उभे आहेत. बर्फाचे ट्रक भरून आलेत आणि पाणी गळत उभे आहेत. खलाशी जेटीवरच जाळी शिवत बसलेत. बेतीच्या बाजूच्या लहान होड्या मात्र बाहेर गेल्यात.

३. प्रत्येक पुराव्यापुढे त्या त्या कारणाशी जुळतो की विसंगत, एवढेच मांडा. ट्रॉलर उभे आहेत हे सगळ्यांशी जुळते, म्हणून ते निरुपयोगी, खोडून टाका. बर्फाचे ट्रक आले म्हणजे थांबणे आयत्या वेळी ठरले. खलाशी हजर आहेत, सण बाद. लहान होड्या बाहेर आहेत, वादळ जवळपास बाद.

४. ज्या कारणाविरुद्ध सर्वांत कमी पुरावा उरतो ते पुढे न्या. जुळणारे पुरावे मोजू नका, विसंगत मोजा.

चूक हमखास पहिल्या पायरीवर होते. यादीत दोनच कारणे लिहिली जातात आणि दुसरे हे नावापुरते असते. दुसरी चूक म्हणजे आवडत्या कारणाला विसंगत पुरावा दिसला की तो ‘अपवाद’ म्हणून सोडून देणे.

फोटोवरून वेळ ओळखण्याचा सराव गोव्यात करता येईल का?

सहज, पण दोन खड्डे आहेत. पहिला घड्याळाचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, गोवा ७४ अंशांच्या जरा अलीकडे. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरी १२.३५ च्या सुमारास. फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्या पुढे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या थोडे पुढे. दुसरा खड्डा सावलीच्या दिशेचा. मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते असे सगळे धरून चालतात. गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेकडे पडते. पावसाळ्याआधीचा फोटो घेऊन ज्यांनी हे विसरले त्यांनी चर्चचा दर्शनी भाग उलट दिशेला मांडलेला आम्ही पाहतो.

सराव स्वतःच्या अंगणात करा: मीटरभर काठी, खडू, दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. सर्वांत आखूड सावली ती तुमची खरी मध्यान्ह.

‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ही हेरगिरी होती का?

नाही, ते प्रचारयुद्ध होते आणि तेही खऱ्या बातम्यांचे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हे गुप्त रेडिओ केंद्र आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कासलरॉकहून चालवले. कोकणी आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत. पोर्तुगीजमध्ये का? कारण ऐकणाऱ्यांत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे अधिकारी आणि सैनिकही होते, आणि लिस्बन आपल्याला काय सांगत नाही हे त्यांना त्यांच्याच भाषेत कळावे. सेन्सॉर असलेल्या मुलखात खरी बातमी वेळेवर पोचवणे हे सोंगापेक्षा जड काम. ते त्यांनी सहा वर्षे रानात राहून केले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या क्षेत्रात नोकरी कशी मिळते?

गुप्तवार्ता विभागाच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) पदांची जाहिरात गृह मंत्रालय काढते. पदवी लागते, लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. रॉ मध्ये येणारे बरेच अधिकारी पोलिस सेवा आणि इतर केंद्रीय सेवांतून घेतले जातात. पैसे घेऊन ‘एजंट’ नेमणारी कोणतीही जाहिरात फसवणूक समजा.

दाबोळी विमानतळावरून फोटो काढले तर चालते का?

दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे. तिथल्या लष्करी विमानांचे, हँगरांचे, कुंपणाचे फोटो काढू नयेत. १९२३ च्या अधिकृत गुपिते कायद्याच्या कलम ३ खाली संरक्षणाशी निगडित गुन्ह्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. वरचे सगळे सराव जेटीवर, बाजारात, अंगणात करा.

सामान्य वास्कोकराला कोणी हेर कशाला गाठील?

तळावर दूध पोचवणारा, गोदीत वेल्डिंग करणारा, कँटीनचा ठेकेदार, यांना रोज दिसते ते बाहेरच्याला दिसत नाही म्हणून. गाठणारा गुपित मागत नाही. समाजमाध्यमावर ओळख होते, मग ‘संशोधनासाठी’ किंवा ‘बातमीसाठी’ अगदी बिनमहत्त्वाचे काही विचारले जाते: आज गेटवर गर्दी होती का? त्याचे हजार-दोन हजार लगेच येतात. गरज त्या उत्तराची नसते, पैसे घेतल्याच्या नोंदीची असते. तिसरी-चौथी मागणी तारखा आणि जहाजांच्या नावांची येते, आणि नकार दिला की आधीचे पैसे पुढे केले जातात.

असे काही झाले असेल तर संभाषण पुसू नका, उत्तर देणे थांबवा, स्क्रीनशॉट घ्या आणि तळाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना भेटा. पैसे घेतले असतील तर तेही सांगा. पहिल्या मागणीनंतर आलेल्या माणसाला मदत करता येते, चौथ्यानंतर आलेल्याला फार कठीण जाते.